त्या दिवसाचं पान

पुठ्ठेबाईंनी त्या सकाळी तिसरं पुस्तक उलटं बसवलं, तेव्हा समोरच्या शिलाईबाईंनी काही न बोलता ते आपल्याकडे ओढून घेतलं. खळ अजून ओली होती. त्यांनी पुठ्ठा अलगद सोडवला, फिरवला, नाव सुलटं केलं, तळहातानं दाबलं आणि पुस्तक वजनाखाली सरकवून दिलं. मग सुई उचलून त्या पुन्हा आपल्या कामाकडे वळल्या.

बाइंडिंगच्या कारखान्यात उलटं पुस्तक ही मोठी नामुष्की. वाचणारा ते उघडतो आणि अक्षरं डोक्यावर उभी. नवख्या माणसाकडून असं होतं, आणि पुढे महिनाभर सगळे त्याच्याशी मान वाकडी करून बोलतात. पुठ्ठेबाईंच्या हातून एकोणीस वर्षांत हे एकदाही झालं नव्हतं. मालक कापायच्या यंत्रापाशी उभे राहून बघत होते. गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनीही ब्र काढला नाही.

दोघींना ही नावं मालकांनीच दिली होती. एकीनं फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, एकावर एक ठेवून दोऱ्यानं शिवायचे. दुसरीनं त्यावर पुठ्ठा आणि कापड चढवायचं. खरी नावं फक्त सहीपुरती उरली होती. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघींनी लग्नं, बाळंतपणं, सासवा आणि गुडघेदुखी सगळं बोलून काढलं होतं. बोलायच्या त्या पुठ्ठेबाई, ऐकायच्या त्या शिलाईबाई. आता पुठ्ठेबाईंचा नवरा जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि टेबलावर नुसता कागदाचा आवाज असायचा.

"मी झोपत नाही, म्हणून होतंय हे," पुठ्ठेबाई एकदम म्हणाल्या. "डोळ्याला डोळा लागत नाही गं. पाठ टेकली की उठून बसते."

"डॉक्टरांनी गोळी दिलीय ना?"

"सून देते. मी जिभेखाली ठेवते आणि ती गेली की टाकून देते." त्या खळीच्या भांड्याकडे बघत होत्या. "एकच गोष्ट आठवली की जरा बरं वाटतं. त्या वेळी तू जागी होतीस. आपल्यातलं कुणीतरी जागं होतं."

शिलाईबाईंच्या हातातली सुई घडीच्या पाठीत शिरली ती सरळ बोटात. त्यांनी बोट तोंडात घातलं. काही न बोलायला तेवढं कारण पुरलं.

शिलाईबाई रोज पहाटे पाच ते सहा डोळे मिटून बसत. कशाला बसता असं कुणी विचारलं तर त्यांना नीट सांगता यायचं नाही. "गप्प बसते," एवढंच म्हणायच्या. कारखान्यात पूर्वी एक म्हातारे मुद्रितशोधक यायचे, छापण्याआधी चुका काढणारे. त्यांनी हे बसणं शिकवलं होतं, आणि एकच अट घातली होती. बसून झालं की वहीत एक ओळ लिहायची, आणि ती खरी लिहायची. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाची अट दुसरी काय असणार! "चूक झाली तर चूक लिहा," ते म्हणायचे. "चूक दिसली तर दुरुस्त होते. लपली की छापली जाते."

शिलाईबाईंनी ती अट अकरा वर्षं पाळली. दर वर्षाला एक वही. कागद कारखान्यातला उरलेला, शिलाई स्वतःची, पुठ्ठा अर्थातच समोरच्या बाईंचा. पुठ्ठेबाईंनी अकराही वह्यांना निळं कापड चढवलं, पण आतलं पान कधी उलटून पाहिलं नाही. ज्या बाईला शेजारच्या घरातल्या भांडणाचं कारण संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर जेवण जायचं नाही, त्या बाईनं! मैत्री कशाला म्हणतात हे शिलाईबाईंना त्या बंद वह्यांवरून कळलं होतं.

आणि त्यातल्याच यंदाच्या वहीत एका दिवसापुढे लिहिलं होतं: "झोप लागली. साडेसहाला जाग आली."

पुठ्ठेबाईंचे यजमान तीन आठवडे इस्पितळात होते. मोठा थट्टेखोर माणूस. नळ्या लावलेल्या असतानाही हसवायचे. "ताई, तुमची वरती ओळख आहे," ते शिलाईबाईंना म्हणायचे, "माझा नंबर जरा मागे ढकला म्हणावं." शेवटच्या संध्याकाळी मात्र त्यांनी थट्टा केली नाही. "उद्या बसाल तेव्हा मला लक्षात ठेवा," म्हणाले. शिलाईबाईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, "उद्याचा सगळा तास तुमचा."

मग त्या कारखान्यात परत गेल्या. मैत्रिणीचे पुठ्ठे तीन आठवडे साठले होते, आणि ते पुरे करायचं त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. घरी येऊन पडल्या त्या मेल्यासारख्या. पाचला गजर झाला असावा. सव्वापाचला पुठ्ठेबाईंचे यजमान गेले. साडेसहाला शिलाईबाईंनी डोळे उघडले तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती. त्यांनी आधी वही काढली, खरं ते लिहिलं, आणि मग फोन वाजला.

इस्पितळात पुठ्ठेबाईंनी त्यांना मिठी मारली आणि कानाशी विचारलं, "तू बसली होतीस ना गं तेव्हा?"

शिलाईबाईंची मान हलली.

त्यांना स्वतःलाही कळलं नाही ती कशी हलली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती मूठ उघडता न येणं काय असतं, हे त्यांना पुढच्या सहा आठवड्यांत समजलं. रोज पहाटे त्या बसायच्या, डोळे मिटायच्या, आणि ती हललेली मान समोर येऊन उभी राहायची. वहीत त्या लिहायच्या, "बसले. जमलं नाही." दुसऱ्या दिवशी तेच. अकरा वर्षांत इतकी कोरडी पानं कधी गेली नव्हती.

शुक्रवारी पुठ्ठेबाईंनी पुठ्ठ्याला कापड लावता लावता विचारलं.

"तुझी वही बघायला देशील? फक्त त्या दिवसाचं पान. एकदा डोळ्यांनी वाचलं की मला झोप लागेल, असं वाटतंय."

अकरा वर्षांत प्रथमच मागितलं होतं, आणि मागताना त्यांचा हात कापडावरून निघत नव्हता. शिलाईबाई म्हणाल्या, "रविवारी आणते."

संध्याकाळी पुठ्ठेबाईंची सून कारखान्याच्या दाराशी थांबली होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रोज सासूला घरी न्यायला येत असे. तिनं शिलाईबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, आई म्हणाल्या तुम्ही वही दाखवणार आहात. नक्की दाखवा हं. त्या खुर्चीत ताठ बसून असतात हो. आम्हाला काही सुचत नाही. हे असंच चाललं तर त्या हाताला लागायच्या नाहीत." तिनं सासूकडे वळून पाहिलं. "तेवढ्या एका पानानं झोपल्या तर तुमचे उपकार होतील."

रविवारी सकाळी शिलाईबाईंनी टेबल खिडकीपाशी ओढलं, वही उघडली, आणि ब्लेडनं त्या फर्म्याचा दोरा कापला.

वहीतलं पान बदलायचं तर ते फाडून चालत नाही. प्रत्येक पानाचं एक जोडपान असतं, एकाच कागदाची दुसरी बाजू. एक काढलं की दुसरंही हातात येतं. म्हणजे नव्या कागदावर दोन्ही पानं लिहायची, नव्वदएक दिवस, आणि त्यात एक ओळ तेवढी वेगळी. शिलाईबाईंकडे कागद तोच होता, पेन तेच होतं, अक्षर तर स्वतःचंच. एकोणीस वर्षं ज्या हातानं लोकांची फाटकी पुस्तकं जोडली, त्याच हाताला एक पान जोडायचं होतं. कुणासाठी? एका बाईला झोप लागावी म्हणून. यात वाईट काय आहे, असं त्यांनी स्वतःला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा उत्तर न ऐकता लिहायला घेतलं.

"बसले. पाय दुखला, तेवढंच आठवतं." उतरवलं.

"बसले. शेजारणीचा राग. तासभर तिच्याशी भांडले, तिला पत्ता नाही." उतरवलं. थोडं हसूही आलं.

"बसले. आज काही क्षण मी नव्हते." हे लिहिताना हात सावकाश झाला. तो दिवस त्यांना आठवत होता.

मग इस्पितळाचे दिवस आले. "बसले. पुठ्ठीचे यजमान." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आणि मग ती तारीख. शिलाईबाईंनी लिहिलं, "बसले. पूर्ण तास त्यांचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागदाकडे पाहिलं. ओळ छान उमटली होती. वरच्या ओळींसारखीच, तीच वळणं, तीच शाई. कुठली खरी आणि कुठली खोटी, हे जगातल्या कुठल्याही मुद्रितशोधकाला सांगता आलं नसतं. ही ओळ इतकी खरी दिसत असेल, तर वरच्या ओळींचा काय भरवसा? काही क्षण मी नव्हते, तेही असंच का?

मग नव्या कागदाचे चार तुकडे केले, जुना कागद घडीत परत ठेवला, सुईत दोरा ओवला, त्याला मेण लावलं आणि फर्मा शिवून टाकला. या बाईचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. खोटं बोलायला धाडस लागतं म्हणतात, पण खोट्याच्या इतकं जवळ जाऊन, ते पूर्ण करून, मग फाडायला जे लागतं ते माझ्याकडे नाही.

दुपारी त्या मैत्रिणीच्या घरी पोचल्या. दार सुनेनं उघडलं. ती दुकानात निघालीच होती. "तासाभरात येते, मावशी," ती म्हणाली आणि वहीकडे आशेनं बघून जिना उतरली.

पुठ्ठेबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस मात्र नीट विंचरलेले. त्यांनी दोन्ही हातांनी वही घेतली, आणि सवयीनं आधी पाठ पाहिली, मग कोपरे, मग मधली घडी उघडून शिलाईवरून नख फिरवलं. त्यांचं नख थांबलं.

"हा दोरा नवा आहे."

"हो."

"बाकीचे फर्मे जुन्या दोऱ्याचे. हा एकच उसवलास?"

"उसवला. परत शिवला."

"का?"

"वाच," शिलाईबाई म्हणाल्या. "मग विचार."

पुठ्ठेबाईंनी चष्मा लावला. बोट ओळींवरून खाली सरकत गेलं. तीन आठवडे आपल्याच नवऱ्याचा उल्लेख वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग बोट त्या तारखेवर आलं आणि तिथेच राहिलं. एवढीशी ओळ वाचायला किती वेळ लागणार? पण बोट हलेना.

"तू झोपली होतीस."

"हो."

"मग इस्पितळात मान का हलवलीस?"

"तुझा चेहरा बघून हलली. नंतर रोज सांगायचं ठरवत होते. रोज राहून गेलं." शिलाईबाईंनी पदर मुठीत धरला होता. "आज सकाळी हे पान बदलणार होते. लिहूनही झालं होतं. तुला झोप लागेल म्हणून. मग नाही जमलं."

पुठ्ठेबाईंनी वही मिटली. शिलाईबाईंनी दाराशी काढलेल्या चपलांकडे पाहिलं. आता ऊठ आणि चालती हो असं ती म्हणाली, तर तेही बरोबरच, असं त्यांच्या मनात आलं. एकोणीस वर्षांच्या सोबतीचं माणूस एका ओळीपायी जाणार होतं, आणि ती ओळ खोडायची संधी सकाळी हातात होती.

"मी पण," पुठ्ठेबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी पण झोपले होते." त्या खिडकीकडे बघून बोलत होत्या. "तीन आठवडे जागले. त्या पहाटे साडेचारला म्हटलं, पाचच मिनिटं. त्यांच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. नर्सनं खांदा हलवला तेव्हा सगळं झालं होतं."

शिलाईबाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"सगळ्यांना वाटतं मी हात धरून बसले होते. लेकाला मी तसंच सांगितलंय. सून चार जणींना सांगते, आईंनी शेवटपर्यंत हात सोडला नाही." त्यांच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला. "आणि तू जागी होतीस, हे आठवलं की बरं वाटायचं, खोटं नाही सांगत. पण तुझा रागही यायचा. इतका राग यायचा, बाई! तू कोण लागतेस त्यांची? तू तिकडे घरी बसून जागी, आणि मी सख्खी बायको हाताच्या अंतरावर झोपलेली. डोळे मिटले की हेच दिसायचं. मग उठून बसायची."

आता त्यांना रडू आलं. सहा आठवड्यांत लोकांसमोर जे रडल्या होत्या, त्यापेक्षा हे वेगळं होतं. नाक, डोळे, सगळं गळत होतं, आणि त्या ते पुसतही नव्हत्या. शिलाईबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काही तरी शहाणपणाचं बोलावं असं त्यांना वाटलं नाही. अकरा वर्षं गप्प बसण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते.

बऱ्याच वेळानं पुठ्ठेबाई म्हणाल्या, "नर्सनं उठवलं ना, तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. केसांवर. मी डोकं टेकलं तेव्हा नव्हता. म्हणजे मी झोपल्यावर ठेवला." त्या शिलाईबाईंकडे वळल्या. "मला उठवत होते का गं ते?"

हाच तो प्रश्न होता. सहा आठवडे त्यांना खुर्चीत ताठ बसवून ठेवणारा. शिलाईबाईंच्या जिभेवर "नाही" तयारच होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी नव्हते तिथे." मग विचारलं, "एरवी कसं उठवायचे तुला?"

"ते?" पुठ्ठेबाईंनी चष्मा काढला. "ते कुठले उठवतायत! चाळीस वर्षांत एकदा उठवलं नाही. पहाटे उठून स्वतःचा चहा करून प्यायचे. कपात चमचा वाजू नये म्हणून साखर बोटानं ढवळायचे. मीच ओरडायचे, भाजेल म्हणून. तर म्हणायचे, तू नीज गं, तुला दिवसभर..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी आपला हात सावकाश उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर, केसांवर ठेवला, आणि तसाच ठेवून बसल्या. शिलाईबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. काही गोष्टी मैत्रिणीनंही बघायच्या नसतात.

थोड्या वेळानं पुठ्ठेबाई उठल्या. आतल्या खोलीतल्या पलंगापर्यंत गेल्या, आणि उशी झटकली.

"जरा पाठ टेकते. थांबशील?"

"थांबते."

"दार उघडंच ठेव."

शिलाईबाई बाहेरच्या खुर्चीत बसल्या. आत पलंग दोनदा करकरला, मग थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती शेवटी सुरू झाली आणि गेली. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत कपाटापर्यंत पोचला. शिलाईबाईंनी डोळे मिटले नव्हते, पाय दुमडले नव्हते, कसलीही तयारी केली नव्हती. किती वेळ गेला हे त्यांना सांगता आलं नसतं. ती हललेली मान आज समोर येऊन उभी राहिली नव्हती, एवढं मात्र नंतर त्यांच्या लक्षात आलं.

कुलुपात किल्ली फिरली. "आई, बघा मी काय..." म्हणत सून आत आली, आणि शिलाईबाईंचं ओठांवरचं बोट पाहून तिथेच थबकली. आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला दणकट, बिनलाजरा आवाज.

सून दारातून आत डोकावली. परत वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. टेबलावरच्या निळ्या वहीवर तिनं हलकेच हात ठेवला.

"वाचलं का त्यांनी?" ती कुजबुजली.

"वाचलं."

"मी म्हणतच होते, मावशी! तुम्ही जाग्या होतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की त्या झोपतील."

"नाही गं," शिलाईबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी झोपले होते त्या दिवशी. तेच लिहिलंय."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काही कळलं नाही, आणि शिलाईबाईंनीही पुढे काही सांगितलं नाही. ते सांगणं त्यांचं नव्हतं. मग तिनं हातातली पिशवी आवाज न करता खाली ठेवली, दार लोटून घेतलं, आणि दुसरी खुर्ची उचलून, फरशीवर न ओढता, शिलाईबाईंच्या शेजारी आणून ठेवली.